पोरगं ‘फुटलं’ म्हणे!

कोल्हापुरात फुटबॉलची खेळाडू नोंदणी जवळ आली, की पेठांत दुसरा विषय नसतो. तिथले संघ म्हणजे तालमी. पाटाकडीलचं कोण खंडोबाकडे जाणार, दिलबहार कुणाला आणणार, बालगोपालची बचावफळी कशी उभी राहणार! शाहू स्टेडियमवर चेंडू पडायच्या आधीच कट्ट्यावर अर्धा हंगाम खेळून होतो. ऐकायला गंमत वाटते. पण पेठेतलं पोरगं दुसऱ्या तालमीत गेलं, की ‘फुटलं’ म्हणून त्याच्या आईलाही ऐकवायचं, हे मला मुळीच पटत नाही. बाहेरचा, कधी थेट नायजेरियाचा खेळाडू आणून त्याच पोराला बाकावर बसवलं, तर तालीम फुटली असं कुणी म्हणतं का? खेळायची वर्षं मोजकीच असतात हो. संघ नव्यानं बांधायचाच असेल, तर पाहुण्यांवरच्या खर्चातला थोडा वाटा गल्लीतल्या बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या बुटांवर, प्रशिक्षकावर घाला. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा ना? आणि संघाच्या बैठकीला एकदा आयांनाही बोलवा. कुणाचा गुडघा दुखतोय, ते आधी त्यांनाच कळतं.