शिकलेल्याने शिकवावे

(द्वितीय वर्ष, कला)

महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम २००१ साली सुरू झाला. अनेक सरकारी नोकऱ्यांसाठी तो आवश्यक ठरला आणि गावोगावी संगणकाचे वर्ग निघाले. असे असूनही कला शाखेचा विद्यार्थी आज संगणकापुढे बसताना का बिचकतो?

‘हल्लीच्या मुलांना काय शिकवायचे? मोबाईल तर चोवीस तास हातात असतो!’ असे वडीलधारी मंडळी म्हणतात. हा निव्वळ भ्रम आहे. मोबाईलवर सफाईने बोटे फिरवणाऱ्याला आपली फाईल कोठे साठवली हे सांगता येत नाही. डाव्या हाताला स्वर व उजव्या हाताला व्यंजने अशी सुटसुटीत मांडणी असलेला इनस्क्रिप्ट कळफलक त्याला कोणी दाखवलेलाच नसतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी तो सायबर कॅफेत पैसे मोजतो आणि वर आपला पासवर्डही परक्याच्या हवाली करतो. माझ्यासारखे जे घरातून प्रथमच कॉलेजची पायरी चढले, त्यांना घरी विचारायला कोणी नसते. वर्गात विचारावे, तर हसे होण्याची भीती!

ही भीती प्राध्यापकांपेक्षा बरोबरीचा मित्र लवकर घालवू शकतो. म्हणून प्रत्येक वर्गातील चार-पाच विद्यार्थ्यांना तयार करून त्यांच्याकडेच हे काम सोपवावे, असे माझे मत आहे. ही कल्पना काही नवी नाही. मद्रासच्या अनाथाश्रमात अँड्र्यू बेल यांनी मुलांकडूनच मुलांना शिकवून घेतले आणि १७९७ साली त्यावर लंडनमध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. ‘मद्रास पद्धती’ या नावाने तिचा इंग्लंडमध्ये बराच प्रसार झाला. पण पुढे ती घोकंपट्टीत अडकली, अशी टीकाही झाली. शिकवणारा स्वतःच पुरेसा तयार नसेल, तर दुसरे काय होणार?

संगणक येणे वेगळे आणि शिकवता येणे वेगळे. ज्याला येते तो पहिल्याच मिनिटाला माऊस हिसकावतो आणि म्हणतो, ‘थांब, मी करून देतो.’ काम होते, पण शिक्षण होत नाही. म्हणून प्रशिक्षणातील पहिला नियम असा असावा की, शिकवणाऱ्याचे हात पाठीमागे! दुसरा, एका बैठकीत एकच गोष्ट. तिसरा, कालचे काम आज मदतीशिवाय करून दाखवल्याखेरीज पुढचा धडा नाही. आणि चौथा, मित्राचाही पासवर्ड वा ओटीपी विचारायचा नाही. हे अंगवळणी पडण्यास सत्र सुरू होण्यापूर्वीचे आठ-दहा दिवस पुरेत.

यात शिकवणाऱ्याचा अभ्यास बुडेल, असा आक्षेप येईल. आठवड्यातील दोन तासांनी कोणाचे वर्ष वाया जात नाही. उलट दुसऱ्याला समजावताना आपलेच ज्ञान पक्के होते. प्राध्यापकांचे महत्त्वही कमी होणार नाही. प्रशिक्षण तेच देतील, देखरेखही त्यांचीच राहील.

मात्र हे काम फुकट करून घेऊ नये. संध्याकाळी किराणा दुकानात पुड्या बांधून फी भरणारा मुलगा सेवाभावाने शिकवायला कसा येणार? मग शिकवण्याचा मान सुखवस्तू घरच्यांनाच मिळेल आणि आमच्यासारखे कायम समोरच्या बाकावर! कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रम करून शिकण्याचा मार्ग महाराष्ट्राला दाखवला. त्याच विचाराच्या ‘कमवा व शिका’ योजनेत बागकाम आणि ग्रंथालयातील कामाबरोबर या कामाचाही समावेश करावा. शिकवणे हेही श्रमच आहेत.

कॉलेजला यासाठी नवी इमारत नको की नवे संगणक नकोत. तास संपल्यावर प्रयोगशाळेला लागणारे कुलूप दोन तास उशिरा लावावे, एवढीच मागणी आहे. येत्या जूनपासून हे करून पाहायला काय हरकत आहे?