वाफेचे इंजिन नव्याने घडवायचे तर...

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे गाडी ओढणारी साहिब, सिंध आणि सुलतान ही तिन्ही इंजिने आज शिल्लक नाहीत. हाच लोहमार्ग 1856 साली अंबरनाथ, बदलापूर ओलांडून खोपोलीपर्यंत गेला. ती इंजिने पुन्हा घडवता येतील काय?

तांत्रिकदृष्ट्या उत्तर होकारार्थी आहे. ब्रिटनमध्ये 'ए-वन' श्रेणीची सर्व 49 इंजिने भंगारात गेली होती. 1994 साली हाती घेतलेले पन्नासावे, 'टॉर्नेडो', 2008 साली धावले. खर्च सुमारे 30 लाख पौंड, तोही बव्हंशी लोकवर्गणीतून. मात्र त्याचा बॉयलर जर्मनीतील मायनिंगेन येथून आणावा लागला. खरी मेख इथेच आहे. कातकाम, ओतकाम अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतही करून घेता येईल. रेल्वेइंजिनाचा बॉयलर बनविण्याची विद्या मात्र मागणीअभावी जवळजवळ लोपली. शिवाय नग एकच, त्यामुळे साचे, आराखडे आणि चाचण्या यांचा सारा भार त्या एकट्यावरच पडतो.

भारतात ही विद्या त्रिचीच्या गोल्डन रॉक कार्यशाळेने राखली. निलगिरीच्या दातेरी मार्गासाठी 2011 पासून तेथे 'एक्स' श्रेणीची नवी इंजिने तयार झाली; पण त्यांना रोजचे काम आहे, 'साहिब'ला ते नसेल.

कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला 2019 साली मंजुरी मिळाली, ती सुमारे दीड हजार कोटी रुपयांची. त्यापुढे एका इंजिनाचा खर्च किरकोळच. तरीही उल्हासनगरला लोकलच्या दारात लटकणाऱ्या प्रवाशाला तो पटवून देणे कठीण. पैसा उभारायचाच तर 'टॉर्नेडो'सारखा हौशी मंडळींच्या वर्गणीतून, मार्गिकेच्या निधीला हात न लावता.