एका डीपीवरचा शेजार

दिवाळीत ताडकळस परिसरात घरात फराळाची घाई आणि रानात रब्बीची. ज्वारी-हरभऱ्याला पाणी द्यायचे, तर विहिरीवरची मोटार चालली पाहिजे. ज्या वाहिन्यांवर शेतीला अजून चक्राकार वीज मिळते, तिथे काही दिवस थ्री फेज लाईट रात्रीच येते. विंचू-काट्याच्या अंधारात बॅटरी घेऊन निघालेल्या त्या माणसासाठी यंदाचे हे पान आहे.

आपल्याच परभणी जिल्ह्यात येलदरीला पाण्यावर वीज तयार होते आणि आपल्या शेतात विजेवर पाणी निघते. या दोन्हींची गाठ किती घट्ट आहे, हे मराठवाड्याने २०१३ आणि २०१५ साली पाहिले. धरणांत पाणी उरले नाही म्हणून परळीचे औष्णिक वीज केंद्रच बंद ठेवावे लागले.

पण वीज केंद्रातून निघालेली वीज शेवटच्या मोटारीपर्यंत धड पोचत नाही, हे आपले रोजचे दुखणे. रात्री रानात जावे लागू नये म्हणून शेतकरी ऑटोस्विच बसवतो. लाईट आली की एका डीपीवरच्या, म्हणजे एकाच रोहित्रावरच्या, सगळ्या मोटारी एकदम उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. मंजुरीपेक्षा जास्त भार असला, तर डीपी जळतो आणि ऐन पाण्याच्या पाळीत पीक सुकते. यासाठी शेतकऱ्याला दोष देणे आम्हाला मान्य नाही. रात्रीच्या विजेनेच ऑटोस्विच घरोघरी नेला.

मोटारीला कपॅसिटर लावणे मात्र आपल्या हातात आहे. त्याने मोटारीचा पॉवर फॅक्टर ०.७ वरून ०.९५ वर आला, की त्याच कामासाठी तारेतून सुमारे पाव प्रवाह कमी जातो. तारेतला विजेचा नाश प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून तो जवळजवळ निम्म्यावर येतो. दाब सुधारतो आणि टोकाच्या शेतातली मोटार गुरगुरत बसत नाही. म्हणजे बचत मी करायची आणि लाभ शेजाऱ्यालाही व्हायचा.

एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. शेतकऱ्याची आजची स्थिती पाहता ही सवलत हवीच होती. पण बिल शून्य झाले म्हणून डीपीवरचा भार कमी होत नाही. उलट, बचतीची आठवण करून देणारी रक्कमच आता बिलावर नाही.

खरा उपाय दिवसाच्या विजेत आहे. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा सुरू आहे. ती प्रत्येक वाहिनीपर्यंत पोचावी, हा आग्रह आम्ही सोडणार नाही. तोवर पहिल्या पाण्याआधी एका डीपीवरच्या सर्वांनी एकत्र बसावे, मोटारींच्या पाळ्या ठरवाव्यात, कपॅसिटर तपासून घ्यावेत आणि भार जास्त असेल तर वाढीव क्षमतेच्या डीपीची मागणी सगळ्यांच्या सह्यांनिशी महावितरणकडे लेखी द्यावी.