पोरीचे लग्न आणि मृगाचे बियाणे



दरवर्षी लगीनसराई आली की शहराकडून उपदेशाची टोळधाड येते. "शेतकरी लग्नात पैसा उधळतो, म्हणून कर्जात बुडतो. साधे लग्न करा, ऋण काढून सण करू नका." व्याख्याते हे सांगतात, अग्रलेख हे सांगतात, पीककर्जासाठी ताटकळत ठेवणारे बँकेचे साहेबही हेच सांगतात. साहेबाने स्वतःच्या मुलाचे लग्न ज्या मंगल कार्यालयात केले त्याचे एका दिवसाचे भाडे आपल्या दोन एकर कापसाला भारी पडते, ते मात्र कुणी विचारायचे नाही. या उपदेशाचा हिशेब आज आम्ही मांडणार आहोत. तो झाला की आपल्या घरातलाही मांडणार आहोत, कारण तो आपण फार दिवस टाळला आहे.

पहिला हिशेब साहेबांचा. हा आरोप दीडशे वर्षांचा जुना आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि दख्खनचे दंगे सुरू झाले. इंग्रज सरकारने चौकशीला आयोग बसवला. रयत लग्नकार्यात पैसा उडवते म्हणून बुडते, असे तेव्हाही सांगितले जात होते. आयोगाने चौकशी केली आणि स्पष्ट लिहिले की कर्जाचे कारण म्हणून लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे. घरात लग्न कधीतरी निघते. बियाणे, बैल, पोटाचे धान्य आणि सरकारी सारा यांसाठी दरसाल काढावे लागणारे लहान लहान कर्ज रयतेला जास्त बुडवते. परक्या सरकारच्या आयोगाला जे दिसले ते आपल्या लोकांना अजून दिसत नाही.

आता सोन्याचा काटा लावू. गावातली जुनी माणसे सांगतात की १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला क्विंटलभर कापूस विकला की तोळाभर सोने घरी येत होते. २०२५ साली १० ग्रॅम सोन्याने एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला, संकरित ज्वारीचा ३,६९९. म्हणजे एक लाखाच्या तोळ्याला सव्वाबारा क्विंटल कापूस, नाहीतर सत्तावीस क्विंटल ज्वारी. कोरडवाहू रानात एकरी चार क्विंटल कापूस धरला तर पोरीच्या गळ्यातला एक तोळा म्हणजे तीन एकरांचे अख्खे पीक. त्यातून बियाणे, खत, फवारणी, वेचाई अजून वजा व्हायची आहे, आणि तीही हमीभाव हाती पडला तर. आजोबाने एका क्विंटलात केले ते नातवाला बारा क्विंटलात होत नाही, आणि वर उधळ्या म्हणून शिवी खायची ती नातवानेच! पोरीच्या अंगावर तोळाभर सोने असावे असे बापाला वाटणे ही उधळपट्टी नाही. घामाचे दाम मारले गेले, हे त्यातले दुखणे आहे.

इथे टाळ्या वाजतात. प्रत्येक बैठकीत वाजतात. पण इथेच थांबलो तर आम्हीही लबाड ठरू. म्हणून आता दुसरा हिशेब.

आपल्याकडे लग्ने वैशाखात. रान मोकळे असते, पोरांना सुट्टी असते, सोयरे रिकामे असतात. कारणे खरी आहेत. पण कापूस दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत विकून झालेला असतो. ते पैसे दुकानदार, अडत्या आणि दवाखाना यांनी नेलेले असतात. वैशाखात बापाच्या हातात असते ती फक्त पत. मग शेकडा तीन महिन्याने दोन लाख उचलायचे. महिन्याला सहा हजार, वर्षाला बहात्तर हजार. हमीभावाने जवळजवळ नऊ क्विंटल कापूस, म्हणजे सव्वादोन एकर रान नुसते व्याजासाठी पेरायचे. मुद्दल आहे तिथेच.

लग्नानंतर पंधरा दिवसांत मृग. शेतीचे शास्त्र शिकलेल्या माणसांना इथले नुकसान बरोबर दिसते. हातात रोकड नाही म्हणून बियाणे उधारीवर. वाण कोणता घ्यायचा ते मग आपण ठरवत नाही, दुकानदार ठरवतो. पहिला चांगला पाऊस झाला त्या दिवशी तिफण निघायला हवी, ती पैशाच्या जुळवाजुळवीत आठ-पंधरा दिवस अडते. उशिरा पेरलेली पऱ्हाटी बोंडे भरण्याच्या वेळी पाण्यावाचून तडफडते. आणि पहिली वेचणी झाली की दारात घेणेकरी. सरकारी खरेदी सुरू होईपर्यंत थांबायची सोय नाही, खेडा खरेदीवाला देईल तो भाव. लग्नाचा खर्च एका दिवसाचा दिसतो, पण तो पुढच्या हंगामाची पेरणी, वाण आणि भाव तिन्ही खातो.

आणि या खर्चातला सगळ्यात मोठा भाग कोणता? तो पंगतीतही नाही आणि मांडवातही नाही. तो हुंडा आहे. मानपान म्हणा, आंदण म्हणा, "तुमच्या खुशीने द्या" म्हणा. भावांनो, एके काळी सरकार ज्वारीवर लेव्ही घालत होते. खळ्यावरून धान्य नेत होते, भाव आपला ठरवत होते, आणि आपण त्याला लूट म्हटले. मग वरबाप बैठकीत बसून पोरीच्या बापावर घालतो ती काय आहे? तीही लेव्हीच. फरक एवढाच की इथे लुटणारा शेतकरी आहे आणि लुटला जाणाराही शेतकरी.

आम्ही हे सोवळ्यात राहून लिहीत नाही. आम्ही कृषीची पदवी घेतली तेव्हा लग्नाच्या बाजारात आमचाही भाव वाढला. "हुंडा घेणार नाही" असे आम्ही ठणकावून सांगितले आणि त्याचा अभिमान मिरवला. पण मोटारसायकल दारात आली तेव्हा गप्प बसलो. ती सासऱ्यांची खुशी होती म्हणे. त्या खुशीसाठी बैलजोडी विकली गेली होती आणि त्या साली त्यांची पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने उशिरा झाली, हे आम्हाला तीन वर्षांनी कळले. भावासाठी मोर्चे काढणाऱ्या माणसांनी स्वतःचा भाव वसूल केला होता. तेव्हापासून या विषयावर बोलताना आम्ही आधी स्वतःचे नाव घेतो.

एप्रिल २०१७ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या मुलीने जीव दिला. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत नापिकी होती, बापाची ओढाताण होती आणि हुंड्याची रूढी होती. त्या पोरीला कुणा पुढाऱ्याने मारले असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. भाव पाडणाऱ्या धोरणाने बापाची कंबर मोडली हे खरे. पण हुंड्याचा आकडा दिल्लीत ठरत नाही. तो आपल्या ओसरीवर ठरतो.

आता फासा उलटा पडतो आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात बाशिंग बांधलेली लग्नाची पोरे घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कचेरीवर गेली. मुली मिळत नाहीत म्हणून! पाहणारे हसले. आम्हाला हसू आले नाही. पस्तिशीतली पोरे गावोगाव बसून आहेत आणि दलाल त्यांच्या बापांना लाखांनी गंडवत आहेत. पोरी गर्भात मारल्या, आणि ज्या वाचल्या त्यांनी आईचे जिणे पाहिले. निंदण आईने केले, वेचणी आईने केली, सातबाऱ्यावर तिचे नाव कुठेच नाही. मग पोरगी म्हणते, शेतकरी नवरा नको. ती चुकते कुठे?

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीत आम्ही हे ठराव मांडणार आहोत. नुसती मान डोलवू नका, भांडायचे असेल तर भांडा.

एक. तारखेआधी हिशेब. सुपारी फुटण्याआधी पुढच्या हंगामाचे बियाणे, खत आणि मजुरीचे पैसे वेगळे काढायचे. पेरणीचा पैसा पाहुण्यांना वाढायचा नसतो. उरेल त्यात लग्न. शक्यतो तारीख माघ-फाल्गुनात धरा, कापसाचे पैसे हातात असताना. वैशाखच हवा असेल तर कापूस विकला त्याच दिवशी लग्नाचा वाटा निराळ्या खात्यात टाका.

दोन. याद्या स्वच्छ. याद्या करण्याची चाल आपलीच आहे. तिच्यात पहिली ओळ लिहायची: देणे-घेणे नाही, खर्च निम्मा निम्मा. १९६१ च्या कायद्याने हुंडा घेणारा आणि देणारा दोघेही गुन्हेगार आहेत, हे पंचांनी वाचून दाखवायचे.

तीन. साखरपुड्यातच लग्न. दोन जेवणावळी, दोन मांडव, दोनदा कपडे कशाला? डीजेला दिलेले पंचवीस हजार म्हणजे, २०२५ च्या ९०१ रुपये दराने, बीटी बियाण्याची सत्तावीस पाकिटे. रात्रभर वाजवून सकाळी काय उगवते?

चार. सावड. पेरणीला सावड होती तशी लग्नालाही होती. मांडव गाव घालत होते, घरटी पायली ज्वारी येत होती, पंगत भावकी वाढत होती. टॉवेल-टोपी आणि नेसवता न येणाऱ्या साड्यांचा आहेर बंद करून ती पायली पुन्हा सुरू करा. गावात चार लग्ने असतील तर मांडव एकच घाला.

पाच. मुलगी अठरा, मुलगा एकवीस पूर्ण, दाखला पाहूनच सोयरीक. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत लगेच. पुढे वारस, खाते, विमा सगळीकडे तो कागद लागतो.

सहा. लग्नासाठी जमिनीचे खरेदीखत कुणालाही करून द्यायचे नाही, "नुसते तारण आहे" असे कितीही गोड बोलला तरी. ज्यांची जमीन अशी गेली आहे त्यांनी २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा. अर्ज लिहून देण्याचे काम आमचे.

सात. सुनेचे नाव सातबाऱ्यावर. लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली होती. आणि लेकीचा वाटा? महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत लेक मुलासारखी हक्कदार आहे, २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी पक्के केले. "हुंडा दिला, आता सही कर" हा सौदा बंद झाला पाहिजे. तुकडे पडतील ही भीती खरी आहे. पण मुलांत वाटण्या करताना ती कुणाला आठवत नाही.

हे सगळे नवे नाही. २५ डिसेंबर १८७३ रोजी जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुढाकाराने सत्यशोधक पद्धतीचे पहिले लग्न पुण्यात लागले, भटजीवाचून आणि हुंड्यावाचून. ते लग्न कमी लागले असे कोण म्हणेल?

साहेबांना आमचे सांगणे एकच: आमच्या पंगतीतल्या पोळ्या मोजू नका, आमच्या कापसाचा भाव मोजा. आणि तुम्हाला सांगणे हे, की भावासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या हाताने ओसरीवर बसून भाव मागायचा नाही. येत्या लगीनसराईत ज्याच्या घरी कार्य आहे त्याने याद्यांची नक्कल घेऊन बैठकीला यावे. आधी मुलांच्या बापांनी. पहिली नक्कल आमच्या मोटारसायकलच्या किमतीची असेल. ती रक्कम आम्ही त्या बैठकीत, सगळ्यांसमोर, सासऱ्यांच्या हातात परत देणार आहोत.