शर्यत रस्त्यावरून उचला

मोटोजीपी या मोटारसायकल शर्यतींच्या मालिकेचा 2025 चा हंगाम 22 फेऱ्यांचा झाला. मार्चमध्ये थायलंडच्या बुरीरामला सुरू झाला, नोव्हेंबरात वॅलेन्सियाला संपला आणि मार्क मार्केझने सप्टेंबरातच मोतेगीला जगज्जेतेपद नक्की केलं. त्यात भारत नव्हता. सप्टेंबर 2023 मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर झालेली, मार्को बेझेक्कीने जिंकलेली आणि उकाड्यामुळे 24 ऐवजी 21 लॅपवर आणलेली शर्यत ही आपली आजवरची एकमेव. ती पुन्हा यावी म्हणून हळहळणारे पुष्कळ आहेत. मला जास्त काळजी आहे ती छत्तीसगडमधल्या नवा रायपूरच्या रुंद, मोकळ्या रस्त्यांची. तिथे पोरं गाड्या पिटाळतात, पोलीस चालान फाडतात, गाड्या जप्त करतात, आणि काही दिवसांनी तेच पुन्हा सुरू होतं. शर्यतीला रस्त्यावरून हलवायचं तर तिला दुसरी जागा द्यावी लागते, असं माझं म्हणणं आहे आणि त्याला या खेळाचाच इतिहास साक्षी आहे.

आयर्लंड आणि इंग्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटावर 1907 पासून टीटी ही शर्यत गावांतल्या रस्त्यांवरूनच होते. तिचा डोंगराळ मार्ग साठ किलोमीटरचा. कडेला दगडी भिंती, घरं, विजेचे खांब. त्या मार्गावर आजवर अडीचशेहून अधिक स्वारांचे जीव गेले. 1972 मध्ये जिल्बर्टो पार्लोत्ती हा स्वार तिथे मरण पावला, तेव्हा त्या काळातल्या सर्वांत यशस्वी स्वाराने, जाकोमो आगोस्तिनीने, इथे पुन्हा उतरणार नाही असं ठरवलं. इतर मोठे स्वारही बाजूला झाले. 1976 नंतर टीटीचा जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा गेला आणि 1977 पासून ब्रिटिश ग्रां प्री सिल्व्हरस्टोनच्या बंदिस्त सर्किटवर आली. वेग त्यानंतर वाढतच गेला. बदलली ती पडण्याची जागा. स्वार घसरला तर पुढे भिंत नसते, खडीचा मोकळा पट्टा असतो, झेंडा दाखवणारे मार्शल असतात, डॉक्टर मिनिटाभरात पोहोचतो. जगातले सर्वांत कुशल स्वार जो धोका पत्करायला तयार नव्हते, तो आपली अठरा वर्षांची मुलं ट्रक आणि गुरांच्या मधून पत्करतात, आणि पुष्कळदा हेल्मेटशिवाय. 2022 मध्ये देशात हेल्मेट न घातलेले 50,029 जण रस्त्यावर मेले.

ट्रॅक दिला तर वेगाची चटक लागेल, हा आक्षेप मी समजू शकतो. आईबापांची ती खरी भीती आहे. पण चटक ट्रॅकची वाट पाहत थांबलेली नाही. उलट ट्रॅकवर पाऊल ठेवण्याआधी गाडीची तपासणी होते, हेल्मेट, हातमोजे, चामडी सूट बघितला जातो, ब्रेक कुठे दाबायचा हे कुणीतरी शिकवतं. रस्त्यावर यातलं काहीच नाही. सगळीच पोरं तिकडे येतील असा दावा मी करत नाही. जी येणार नाहीत त्यांच्यावर मग कठोर कारवाई करा. आज पोलिसांकडे दाखवायला दुसरी वाटच नाही.

राहिला पैसा. बुद्ध सर्किटसारखा पाच किलोमीटरचा मार्ग कुणी मागत नाही. एक-दीड किलोमीटरचा वळणदार डांबरी मार्ग, कडेला मोकळी जागा, एक रुग्णवाहिका आणि प्रशिक्षक पुरे. सूट आणि हातमोजे भाड्याने मिळावेत, नाहीतर ट्रॅक पैसेवाल्यांचाच होईल. क्रिकेटसाठी याच नवा रायपुरात वीर नारायण सिंह स्टेडियम उभं राहिलं. 2021 मध्ये रोड सेफ्टी वर्ल्ड सिरीज तिथेच झाली, सचिन खेळला, रस्ता सुरक्षेचा संदेश गेला. पण ज्यांच्यासाठी तो संदेश होता, त्यांच्या हातात बॅट नव्हे, अॅक्सिलरेटर असतो.

नवा रायपूर अटल नगर विकास प्राधिकरणाने शहराच्या कडेची थोडी जमीन यासाठी राखून ठेवावी, आणि ती वस्ती पोहोचण्याआधी राखावी.