सक्तीविना समता नाही काय?

स्त्रीप्रश्न हा वर्गलढ्यानंतरचा प्रश्न, असे मानणाऱ्या कार्यकर्त्यांनी मॉरिशसचा इतिहास वाचावा. १९७६ च्या निवडणुकीत तेथील एम. एम. एम. हा डावा पक्ष ७० पैकी ३४ जागा मिळवून सर्वांत मोठा ठरला. इतरांनी युती करून त्यास विरोधी बाकांवर बसविले. त्याच बाकांवर शिरीन औमीरुद्दी-सिफ्रा ही तरुण वकील स्त्री होती. १९७७ मध्ये सरकारने कायदा बदलला. देशी पुरुषाच्या परदेशी पत्नीचा निवासाचा हक्क अबाधित राहिला. देशी स्त्रीच्या परदेशी पतीचा मात्र मंत्र्याच्या मर्जीवर गेला. शिरीनबाईंचे पती परदेशीच होते. त्यांनी अन्य १९ स्त्रियांसह संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे दाद मागितली. १९८१ मध्ये समितीने हा लिंगभेद असल्याचा निर्णय दिला. १९८३ मध्ये कायदा दुरुस्त झाला.

गोंदिया-भंडाऱ्याचा विडीधंदा स्त्रियांच्या बोटांवर उभा राहिला. जिल्हा परिषदेत त्यांना निम्म्या जागा मिळाल्या त्या कायद्याच्या सक्तीने. विधानसभेची उमेदवारी ठरविताना अशी सक्ती नसते, आणि नेमक्या तेव्हाच पक्षांना कर्तबगार स्त्री सापडत नाही! भांडवली पक्षांचे हे वर्तन समजू शकते. समाजवादी म्हणविणाऱ्या पक्षानेही सक्तीचीच वाट पाहावयाची असेल, तर त्याचा समाजवाद मोर्चातील घोषणेपुरताच उरतो.