डेटाबेसचा अभ्यास : आरंभ कोठून करावा?

अलीकडे आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांस, व त्यांहूनहि अधिक त्यांच्या पालकांस, डेटाबेस शिकावयाचा तर आरंभ कोठून करावा, असा प्रश्न पडलेला दिसतो. कोणी एखाद्या वर्गाचें नांव सुचवितो, कोणी प्रमाणपत्राचें. आमचें मत मात्र असें आहे कीं, आरंभ कागद-पेन्सिलीनें करावा व संगणकास कांहीं दिवस विश्रांति द्यावी. हें ऐकून पुष्कळांस हसूं येईल. म्हणून आमचें म्हणणें थोडें विस्तारानें मांडतों.

डेटाबेस ही कांहीं अगम्य वस्तु नव्हे. शाळेच्या कचेरींतील जनरल रजिस्टर घ्या. त्यांत प्रत्येक मुलाची एक ओळ. नांव, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस यांचे निरनिराळे रकाने. आणि प्रत्येक ओळीस एक क्रमांक, जो दुसऱ्या कोणासहि मिळत नाहीं. एकाच नांवाचीं दोन मुलें असलीं तरी त्या क्रमांकामुळें घोटाळा होत नाहीं. यासच डेटाबेसच्या भाषेंत प्रायमरी की म्हणतात. फीच्या वहींत मुलाचें नांव-गांव पुनः न लिहितां केवळ हा क्रमांक लिहिला, कीं ती फॉरीन की झाली. पत्ता एकाच जागीं असला म्हणजे तो बदलल्यावर एकाच जागीं दुरुस्त करावा लागतो. चार वह्यांत असता, तर तीन दुरुस्त होऊन चौथी तशीच राहण्याचें भय.

ही विचारसरणी एडगर कॉड यांनीं १९७० सालीं आय.बी.एम. कंपनीच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेंत असतांना एका निबंधांत मांडली. माहिती यंत्राच्या पोटांत कोठें ठेविली आहे याची काळजी वापरणारावर पडूं नये, हें तिचें एक सार. १९७४ सालीं त्याच कंपनींतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं त्या पायावर सीक्वेल नांवाची भाषा रचली. तीच पुढें एसक्यूएल झाली. त्यास पन्नास वर्षें होऊन गेलीं, यंत्रें कितीदां तरी बदललीं, पण तो पाया टिकून आहे. नवशिक्यानें रोजच्या नव्या नांवांमागें न धांवतां हा पाया पक्का करावा, असें आम्ही म्हणतों तें याचसाठीं.

या भाषेंतले शब्द थोडे आहेत. सिलेक्ट म्हणजे काय हवें, फ्रॉम म्हणजे कोणत्या कोष्टकांतून, व्हेअर म्हणजे कोणत्या अटीवर. शब्द दोन दिवसांत पाठ होतात. प्रश्न नीट विचारणें मात्र कठीण. समजा, फी कोणीं भरली नाहीं हें शोधावयाचें आहे. विद्यार्थ्यांचें कोष्टक फीच्या कोष्टकाशीं साध्या जॉइननें जोडलें, तर ज्यांची फीची नोंदच नाहीं तीं मुलें उत्तरांतून गळतात. म्हणजे ज्यांस शोधावयाचें तींच नाहींशीं! तेथें लेफ्ट जॉइन पाहिजे. तसेंच, रिकाम्या रकान्यास नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. 'ठाऊक नाहीं' असा त्याचा भाव. म्हणून 'जन्मतारीख बरोबर नल' अशी अट घातल्यास एकहि ओळ येत नाहीं. 'इज नल' असेंच विचारावें लागतें. यंत्र निमूटपणें कोरें उत्तर देतें, आणि नवखा समजतो कीं सर्वांच्या तारखा नोंदलेल्या आहेत.

कोणी म्हणेल, आतां कृत्रिम बुद्धिमत्ता आपल्या मराठी प्रश्नावरून एसक्यूएल लिहून देते. मग हा खटाटोप कशास? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं, व तिचें साहाय्य घेऊंच नये असेंहि आम्ही म्हणत नाहीं. परंतु आलेलें उत्तर बरोबर कीं चूक हें पारखण्याचा भार शेवटीं माणसावरच राहतो. ज्यानें पांच मुलांचें कोष्टक कागदावर हातानें जोडून पाहिलें, त्यास गळलेलें नांव दिसतें. ज्यानें नुसतें उतरून घेतलें, त्यास तें दिसत नाहीं.

आणि हा केवळ हुशारीचा प्रश्न नव्हे. कोष्टकांतील एक ओळ म्हणजे पुष्कळदां एक माणूस असतो. रेशन, शिष्यवृत्ति, निवृत्तिवेतन यांच्या याद्या आज डेटाबेसांतच असतात. तेथें गळलेलें नांव म्हणजे कोणाची तरी अडलेली चूल. व्हेअर लिहिण्यास विसरून अपडेट चालविलें, तर एकाची जन्मतारीख सर्वांस चिकटते. डिलीट चालविलें, तर कोष्टकच रिकामें. म्हणून आधीं त्याच अटीनें सिलेक्ट करून ओळी मोजाव्या, ट्रान्झॅक्शन सुरू करून बदल करावा, तो पाहावा, व खात्री पटल्यावरच कमिट म्हणावें. शंका असल्यास रोलबॅक आहेच. ही संवय पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे.

विद्यार्थ्यांनीं घरांतील पुस्तकांचीं तीन कोष्टकें कागदावर आंखावीं : पुस्तकें, वाचणारे, आणि नेण्या-आणण्याच्या नोंदी. दहा प्रश्न मराठींत लिहून त्यांचीं उत्तरें हातानें काढावीं. मग २००० सालापासून उपलब्ध असलेलें व फुकट मिळणारें एसक्यूलाइट साध्या संगणकावर घालून तेच प्रश्न त्यास विचारावे. दोन्हीं उत्तरें जुळलीं नाहींत, तर चूक कोठें हें शोधून काढावें. खरा अभ्यास तोच. पालकांस आमची विनंति इतकीच कीं, प्रमाणपत्र कितीं मिळालीं हें मुलांस विचारूं नये. तुझें कोष्टक दाखव, आणि त्यांत कोणाचें नांव राहून गेलें नाहीं हें तूं कसें पाहिलेंस तें सांग, असें विचारावें.